बिघाड गेला कसा?

आमच्या मेव्हण्याकडे पाहुणे म्हणून गेलात आणि सहज बोलून बसलात, की सकाळी गिझर लागत नव्हता पण आता लागतोय, तर तुमची परतीची गाडी चुकली म्हणून समजा. ‘लागत नव्हता’ याचं त्याला काही वाटत नाही. वस्तू बिघडायच्याच. ‘आता लागतोय’ म्हटलं की मात्र त्याचा चेहरा उतरतो.

“पण का लागतोय?”

या प्रश्नाला चांगल्या घरांत उत्तर नसतं. मी जन्मभर बँकेत नोकरी केली. सर्व्हर बसला की आम्ही काउंटरवर ‘सिस्टिम डाऊन’ अशी पाटी लावायचो आणि चहा मागवायचो. वरून कुणीतरी बंद करून चालू करायचं, की पाटी काढायची. का बसला होता, असं विचारणारा माणूस आमच्या शाखेत कधी बदलून आला नाही आणि आला असता तर टिकला नसता. त्यामुळे बायकोच्या या धाकट्या भावाचा स्वभाव उमगायला मला बराच वेळ लागला.

तो दिवसा पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी करतो आणि रात्री, जेवणं आटोपल्यावर, लिनक्सच्या कर्नेलमधले बग शोधतो. कर्नेल म्हणजे संगणकातलं सगळ्यात आतलं सॉफ्टवेअर. प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, मेमरी कुणाच्या वाट्याला किती, डिस्कवर आधी कोण लिहिणार, हे सगळं तिथे ठरतं. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ते हौसेखातर लिहायला घेतलं. आज त्याच्या तीन कोटींहून जास्त ओळी झाल्या आहेत. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये ते आहे, जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांत ते आहे आणि मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्येही होतं. कोड सगळ्यांना खुला. कुणीही वाचावा, कुणीही चूक काढावी. चुका काढायची एवढी मोकळीक मिळाल्यावर आमचा मेव्हणा मागे राहणं शक्यच नव्हतं. सासूबाईंचा फोन अडकला की आधी तो थोडा अपराधी दिसतो, मग आनंदी.

एकदा त्यांच्याकडे न्हाणीघराचा एमसीबी सारखा पडत होता. इलेक्ट्रिशियन आला, त्याने बोटाने खटका वर केला, खटका वर राहिला. सासूबाई पैसे काढायला आत गेल्या. मेव्हणा दारात आडवा उभा.

“आता पुन्हा पाड.”

“काय?”

“पडत होता तसा पाडून दाखव. तुला पाडताच येत नाही, तर दुरुस्त झाला हे कळलं कसं?”

इलेक्ट्रिशियनने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं. तो पुन्हा त्या घरी आलेला नाही, पण मेव्हण्याच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की कर्नेलवाल्यांत ही रीतच आहे. हवा तेव्हा पाडून दाखवता येणारा बग अर्धा पकडल्यातच जमा. असा हमखास पाडणारा छोटासा प्रोग्रॅम असतो, त्याला रिप्रोड्यूसर म्हणतात. तो हाती लागला त्या रात्री मेव्हणा घरी श्रीखंड घेऊन येतो. गूगलने तर सिझबॉट नावाचं प्रकरण याच कामाला जुंपलंय. ते रात्रंदिवस कर्नेलला वेडेवाकडे हुकूम सोडत बसतं, आणि कर्नेल कोसळला की कसा कोसळला त्याचा पंचनामा करून पाठवतं. मेव्हणा सिझबॉटबद्दल ज्या आदराने बोलतो, त्या आदराने माझ्याबद्दल कधी बोलल्याचं ऐकिवात नाही.

त्याचे खरे वैरी म्हणजे नजर पडली की गायब होणारे बग. दोन प्रोसेसर एकाच वेळी मेमरीतल्या एकाच जागेला हात घालतात, कोण आधी पोचला यावर निकाल ठरतो, आणि हजारातून एकदा तो चुकीचा लागतो. काय चाललंय ते पाहावं म्हणून याने कोडमध्ये ‘इथपर्यंत आलो’ असं छापणारी एक ओळ घातली, की त्या छापण्याला लागणाऱ्या क्षणभराने दोघांची गाठच चुकते आणि सगळं सुरळीत चालतं. ओळ काढली की पुन्हा कोसळतं. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणाऱ्या पोराला घेऊन परतणाऱ्या आईचा चेहरा अशा रात्री त्याला असतो. त्याची बायको तेव्हा त्याला फक्त पाणी नेऊन देते, काही विचारत नाही.

बग सापडला की दुरुस्ती लिहून पाठवायची. तिला पॅच म्हणतात. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण यात सासरे येतात.

सासरे सांगलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत. निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला आले आणि तपासायला वह्या नाहीत म्हणून खंगत चालले होते. मेव्हण्याचा पहिला पॅच त्याच सुमाराला गेला. दुरुस्ती एका चिन्हाची होती: ‘पेक्षा लहान किंवा तेवढाच’ यातलं ‘किंवा तेवढाच’ काढून टाकायचं. वर तीन परिच्छेदांचं स्पष्टीकरण. कर्नेलच्या प्रत्येक भागाला एक मेंटेनर असतो, त्याच्या होकाराशिवाय तिथे स्वल्पविरामसुद्धा आत जात नाही. त्याचं उत्तर आलं. ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली आहे. समास टॅबने सोडायचा, स्पेसने नाही, आणि टॅब आठ घरांचा. बिघाड ज्या बदलामुळे शिरला त्याच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं दिलेली नाहीत. काय केलं ते लिहिलंय, का केलं ते कुठे आहे? आणि वर्णनातलं क्रियापद आज्ञार्थी हवं. ‘दुरुस्त केले’ नको, ‘दुरुस्त कर’ असं हवं, जणू कोडलाच हुकूम देतोय.

मेव्हणा मान खाली घालून बसला होता. सासऱ्यांनी त्याच्याकडून सगळं मराठीत समजून घेतलं. समासाचं ऐकून ताठ बसले, आज्ञार्थाचं ऐकून उभेच राहिले.

“कुठले आहेत हे?”

“जर्मनीचे.”

“बी.एड. असणार.”

पाचव्या खेपेला पॅच स्वीकारला गेला. तोवर सासऱ्यांची तब्येत सुधारली होती. आता मुलाचं प्रत्येक वर्णन आधी त्यांच्या नजरेखालून जातं. इंग्रजी बेताचं आहे, पण ‘का’ राहून गेलेला त्यांना बरोबर कळतो. २०१६ साली डर्टी काऊ नावाचा एक गाजलेला दोष दुरुस्त करताना टोरवाल्ड्सनी वर्णनातच नोंदवून ठेवलं, की हाच दोष आपण अकरा वर्षांपूर्वी काढायला गेलो होतो आणि ते काम नीट झालं नव्हतं. मेव्हण्याने हे सांगितल्यावर सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हेडमास्तर असून लिहिलंन?”

या शिस्तीचे शिंतोडे घरभर उडाले आहेत. स्वयंपाकघरातल्या नळावर एक कागद चिकटवलेला मी स्वतः पाहिला: ‘गळती थांबव. वॉशर झिजल्याने रात्री पाणी ठिबकत होते. वॉशर बदल.’ खाली मेव्हण्याची सही. कर्नेलमध्येही प्रत्येक पॅचखाली अशी सही लागते. कोड कुणाच्या मालकीचा यावरून २००३ साली एससीओ नावाच्या कंपनीने कोर्टात धाव घेतली, आणि पुढच्याच वर्षीपासून ‘हे द्यायचा मला हक्क आहे’ असं नावानिशी लिहून द्यायची पद्धत पडली. नळाच्या कागदावर त्याखाली ‘वाचून पाहिले’ म्हणून सासऱ्यांची सही होती, आणि त्याखाली ‘पाणी येते’ म्हणून सासूबाईंची.

त्याच्या बायकोने या सगळ्यातून आपल्या सोयीचं तेवढं उचललंय. कर्नेलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. त्यातले पहिले दोन आठवडे काय नवं आत घालायचं ते घालून घ्यायचं. ती मर्ज विंडो. ती मिटली की नवीन काही मागायचं नाही, उरलेले सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या, आणि दर रविवारी एक कच्ची आवृत्ती, तिला आरसी म्हणतात. नव्या सोफ्याचा विषय निघाला तेव्हा मेव्हण्यानेच हौसेने हा दाखला दिला होता. पुढे त्याला तिसरा मॉनिटर हवासा वाटला.

“आज कितवी आरसी?” तिने कणीक मळता मळता विचारलं.

“पाचवी.”

“मग आता कसं?”

एका गोष्टीवरून आमचं दोघांचं कायमचं वाजलंय, ती म्हणजे २०१२ सालची. ३० जूनला जागतिक घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला. आपल्याकडे तेव्हा १ जुलैच्या रविवारची पहाट होती, साडेपाच वाजत होते. कर्नेलच्या मुख्य घड्याळाने तो सेकंद मुकाट्याने घेतला, पण सेकंदाचे बारीक तुकडे मोजणाऱ्या आतल्या टायमरला कुणी कळवलंच नाही. तो एक सेकंद पुढे राहिला. त्यामुळे ‘मला अर्ध्या सेकंदाने उठव’ म्हणून निजलेला प्रोग्रॅम निजल्या निजल्या उठायचा, पुन्हा निजायचा, पुन्हा उठायचा. प्रोसेसर तापले. रेडिट ठप्प झालं, ऑस्ट्रेलियात क्वांटासचे प्रवासी चेक-इनच्या रांगेत खोळंबले. आणि यावर उपाय काय निघाला? यंत्राचं घड्याळ हाताने लावायचं, तेही आहे त्याच वेळेला. तेवढ्याने आतला टायमर भानावर यायचा.

मला हा उपाय मनापासून पटला. उभ्या नोकरीत मी दुसरं केलं तरी काय होतं? तसं बोलूनही दाखवलं.

“दाजी,” तो म्हणाला, “तो उपाय नाही. ती सुटका आहे.”

त्या दिवशी तो जेवला नाही. का बिघडलं हे कळायच्या आत जग बरं झालं, हा त्याच्यावर अन्यायच होता.

स्वतःच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तर त्याने कहर केला. त्यामागेही कर्नेलच आहे. कर्नेलमध्ये एक आकडा सतत वाढत असतो. सेकंदाला शंभर या गतीने ३२ बिटांत तो वाढत गेला, तर ४९७ दिवसांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. ज्याने कोड लिहिताना याचा विचार केलेला नाही, त्याचं यंत्र सोळा महिने गुणी मुलासारखं चालून एका रात्री घात करतं. सोळा महिने परीक्षा घेत कोण बसणार? म्हणून कर्नेलवाल्यांनी तो आकडा सुरुवातीलाच अशा ठिकाणी ठेवलाय, की यंत्र चालू केल्यापासून पाच मिनिटांत भरावा. बिघडायचं असेल तर आत्ता बिघड, माझ्यासमोर. हा विचार मला आजही थोर वाटतो, फक्त तो वास्तुशांतीच्या दिवशी अमलात आणायचा नसतो. गुरुजींची आहुती हातात होती आणि मेव्हण्याने खाली जाऊन इमारतीचा मेन स्विच पाडला. जनरेटर आपोआप लागतो का, ते पाहायला.

नाही लागला.

“बघा!” तो धापा टाकत जिने चढून आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. “आज कळलं. नाहीतर ऐन पावसाळ्यात कळलं असतं.”

मावससासूबाई त्या वेळी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्टमध्ये होत्या. त्यांना हे आजच कळण्याची एवढी निकड वाटत नव्हती. त्यानंतर त्या कित्येक वर्षं त्या घरी आल्या नाहीत, आणि आल्या तेव्हा जिन्याने.

एवढं सगळं असून त्या घराच्या मुख्य दाराला एक ढळढळीत खोड होती, आणि तिला मात्र मेव्हणा हात लावू देत नसे. दार लावताना मूठ किंचित वर उचलायची आणि कमरेने एक धक्का द्यायचा, की खटका बसायचा. माझ्या हातून तो कधीच बसला नाही. मी दहादा म्हटलं, अरे, कर्नेल राहू दे, हे कर आधी. तो म्हणायचा, “आईचा हात बसलाय.”

कर्नेलमधला सगळ्यात कडक नियम हाच आहे: वापरणाऱ्याचं मोडायचं नाही. एखादा प्रोग्रॅम कर्नेलच्या चुकीवर विसंबून चालत असेल, तर ती चूक राहू द्यायची. ती आता चूक नव्हे, वहिवाट. या नियमावरून टोरवाल्ड्सनी २०१२ च्या डिसेंबरात एका मेंटेनरला चारचौघांत असं फैलावर घेतलं, की ते शब्द इथे छापता येणार नाहीत. २०१८ साली त्यांनी आपल्या जिभेबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली. परत आले ते बदललेल्या भाषेत. नियम होता तसाच.

२०२४ च्या सप्टेंबरात मेव्हणा व्हिएन्नाला कर्नेलवाल्यांच्या परिषदेला गेला. (परिषदेचं नाव लिनक्स प्लम्बर्स. सासूबाईंनी ते मजल्यावर कुणाला सांगितलं नाही.) तो नाही ही संधी साधून सासऱ्यांनी सुतार बोलावला. सुताराने खालची बिजागरी काढून सरळ बसवली, आणि दार एका बोटाने लागू लागलं. मी गेलो तेव्हा मुद्दाम चार वेळा लावून पाहिलं. सासूबाईंनी मात्र सवयीप्रमाणे मूठ उचलली आणि कमरेने धक्का दिला. दार असं आदळलं, की समोरच्यांनी आपलं दार उघडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आदळलं. तिसऱ्या दिवशी नावाची पाटी पडली.

मेव्हणा विमानतळावरून घरी आला, दारापाशी थांबला, बॅग तशीच हातात. एकदा दार उघडलं, एकदा लावलं. आत येऊन सुताराला फोन केला.

“होतं तसं कर.”

सुतार आला. “होतं तसं म्हणजे कसं, साहेब?”

“खालची बिजागरी दोन सूत बाहेर होती. मी मोजून ठेवलंय. तशीच बसव.”

सुताराने दार हलवून पाहिलं, बिजागरीवरून अंगठा फिरवला. आपलंच चांगलं काम पुन्हा एकदा बघून घेतलं.

“सरळ करायचे पाचशे घेतले होते,” तो म्हणाला, “वाकडं करायचे आठशे पडतील.”

“जास्त का?”

“सरळ काय, ओळंबा धरला की होतं. तुमचं वाकडं मोजून करावं लागेल.”

मेव्हणा क्षणभर विचारात पडला. मग खिशात हात घालून त्याने आठशे रुपये मोजून दिले. कारण पटलं होतं.