दीड इंच माया

(एकपात्री विनोदी प्रयोग)

पात्र : सांगलीच्या गावभागात ब्लाउज शिवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई.

रंगमंच : मध्ये पायमशीन आणि स्टूल. दोरीवर टांगलेले तीन-चार ब्लाउज. टेबलावर कात्री, खडू, मापाची जाडजूड वही. बाईंच्या गळ्यात टेप. अंगात जांभळा ब्लाउज; डाव्या बाहीवरचे पांढऱ्या दोऱ्याचे लांब टाके शेवटच्या रांगेतूनही दिसावेत.

(पडदा उघडतो. बाई मशीन चालवताहेत. मान वर न करता.)

गुरुवारी या. (मशीन चालूच.) गुरुवारी म्हटलं ना! (वर बघतात, दचकतात.) अगं बाई! एवढी माणसं! एवढे ब्लाउज गुरुवारपर्यंत नाही हो जमायचे.

(उठून पुढे येतात.)

नमस्कार. मी ३० वर्षं ब्लाउज शिवते. निम्म्या गावाची मापं या वहीत आहेत. खरं माप पेनानं, आणि बाईनं तोंडी सांगितलेलं पेन्सिलीनं. (वही छातीशी धरतात.) ही वही फुटली तर गावात दंगल होईल.

तर आमची पोरगी. हिंजवडीला असते, कॉम्प्युटरमध्ये. एका शनिवारी न सांगता आली. बॅग टाकली आणि म्हणाली, ‘‘आई, मला माझं आयुष्य डिझाइन करायचंय.’’

मी म्हटलं, ‘‘कर की. गळा मागून खोल घेऊ का पुढून?’’

हसली नाही. तेव्हाच कळलं, प्रकरण अस्तरापर्यंत गेलंय.

तिनं पुस्तक काढलं. ‘डिझायनिंग युवर लाइफ.’ २०१६ सालचं. लिहिणारे दोघं, बिल बर्नेट आणि डेव्ह इव्हान्स. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आयुष्य कसं आखायचं ते शिकवतात म्हणे. एकानं ॲपलचे लॅपटॉप केले, दुसरा ॲपलच्या पहिल्या माउसच्या कामावर होता. या दुसऱ्याचं ऐका हं. त्याला समुद्रात बुड्या मारायच्या होत्या. कूस्तो नावाचा फ्रेंच माणूस पाण्याखालच्या फिल्मा काढायचा, त्याच्यासारखं व्हायचं होतं. म्हणून कॉलेजात जीवशास्त्र घेतलं. जमेना. मग इंजिनियर झाला. म्हणजे बघा, मासे बघायला निघाला आणि उंदीर करून बसला!

मी म्हटलं, ‘‘आणि हा तुला रस्ता दाखवणार?’’

तर म्हणते, ‘‘म्हणूनच तर दाखवणार. त्याचं स्वतःचं माप चुकलेलं आहे.’’

हे मात्र पटलं. ज्यानं जन्मात एक कापड बिघडवलेलं नाही, त्याच्या हातात मी कात्री देणार नाही.

(स्टुलावर बसून हुक लावू लागतात.)

मग ती वाचत बसली, मी हुक लावत बसले. डिझाइनच्या म्हणे ५ पायऱ्या असतात. पहिली, एम्पथी. समोरच्याच्या मनात शिरायचं. मी म्हटलं, म्हणजे माप घ्यायचं! बाई येते, म्हणते, ‘‘घट्ट नको हं.’’ याचा अर्थ घट्टच हवा, फक्त जेवता आलं पाहिजे. दुसरी म्हणते, ‘‘माझ्या जावेसारखा गळा शिवा.’’ तिला जावेचा गळा नको असतो हो. जावेला सगळे छान म्हणाले, ते हवं असतं. ते टेपनं मोजता येत नाही. चहा पाजावा लागतो.

दुसरी पायरी, प्रश्न नीट मांडा. बाई म्हणते, ‘‘बाही काचते, बाही सैल करा.’’ बाहीचा काही दोष नसतो. मुंढा चुकीचा कापलेला असतो. बाही कितीही सैल करा, हात वर केला की ब्लाउज वर!

तिसरी, भरपूर कल्पना काढा. म्हणजे रद्दी पेपरवर ५ गळे कापायचे. चौथी, प्रोटोटाइप. म्हणजे आधी मांजरपाटावर नमुना शिवायचा, मग पैठणीला हात लावायचा. पाचवी, टेस्टिंग.

(उठतात.)

यालाच ते लोक डिझाइन थिंकिंग म्हणतात. आम्ही म्हणतो, ‘‘ट्रायलला या.’’ विद्या तीच. फीमध्ये थोडा फरक आहे.

पण एक गोष्ट त्या दोघांची मी मानली. गुरुत्वाकर्षणाचा प्रॉब्लेम. सायकलनं चढ चढताना गुरुत्वाकर्षणाबद्दल कुरकुर करून उपयोग नाही. जे तुमच्यानं बदलत नाही, तो प्रॉब्लेमच नव्हे, ती परिस्थिती. ती आहे असं धरा आणि पुढचं बघा.

मी म्हटलं, ‘‘कळलं. म्हणजे तुझे बाबा.’’

(आतल्या दिशेला बघून, आवाज उतरवून.) खुर्चीवरून उठत नाहीत. हे गुरुत्वाकर्षणच.

(थांबतात. आवाज साधा होतो.)

नाही पण, खरं सांगू? मला ते २०१९ ला कळलं होतं. ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर. गावभागातली माणसं होडीत. माझ्या दुकानात लग्नाचे २२ ब्लाउज लटकलेले. २००५ च्या पुरात मी नदीशी भांडले होते. खरंच, पायरीवर उभी राहून भांडले. मशीन गेलं ते गेलंच. मग २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा नदीला एक शब्द बोलले नाही. पूर का येतो, हा माझा प्रश्नच नव्हे. माझा प्रश्न, मशीन कुठं ठेवायचं? शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या देवघराशेजारी. २२ ब्लाउज देवाच्या मागच्या दोरीवर. (हात जोडतात.) आठ दिवस देवानं दुसरं काही पाहिलं नाही.

(टेप झटकतात. पुन्हा मूळ सूर.)

तर पोरगी. तिचा पाच वर्षांचा तक्ता तयारच होता. रंगीत! २८ ला प्रमोशन, २९ ला लग्न, ३० ला फ्लॅट, ३१ ला परदेश. मी चष्मा लावला. वरून खाली बघितला, खालून वर बघितला. म्हटलं, ‘‘यात माया कुठाय?’’

म्हणते, ‘‘आई, लव्हचा रकाना मागच्या पानावर आहे.’’

(कपाळावर हात.) अगं, ती माया नव्हे! (दोरीवरचा ब्लाउज काढून उलटा करतात, बाजूची शिवण प्रेक्षकांना दाखवतात.) ही बघा. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, त्याला आम्ही माया म्हणतो. मी दीड इंच सोडते. बाहेरून दिसत नाही. त्याची वेगळी शिलाई मिळत नाही. पण बाई वर्षानं येते, दोन इंच सुखी होऊन. मग ही उसवायची, आतली माया बाहेर काढायची, पुन्हा टीप मारायची. ब्लाउज नवा! रेडिमेडला माया नसते. म्हणून तो पहिल्या दिवशी फार छान बसतो. आणि पहिल्याच दिवशी.

मी म्हटलं, ‘‘पोरी, तुझा हा तक्ता रेडिमेड आहे. एक वर्ष इकडचं तिकडं झालं की काखेत फाटणार.’’

मग तिनं खरं सांगितलं. नोकरी सोडायची होती. बेकरी काढायची होती. ‘‘माझी पॅशन आहे, आई.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘मार्चपासून.’’

दुसरी आई असती तर रडली असती. मी पुस्तकच मागितलं. म्हटलं, तुझ्या त्या दोघांचं काय म्हणणं आहे? तर ते म्हणतात, बहुतेकांना पॅशन आधी सापडतच नाही. करून बघितल्यावर तयार होते. त्यात एका बाईची गोष्टही आहे. हौसेनं कॅफे काढला. जागा, फर्निचर, सगळं देखणं. गिऱ्हाईकही आलं. आणि मग कळलं, तिला कॅफे सजवायला आवडायचं, चालवायला नाही! एकदम पैठणीवर कात्री चालवली हो. मांजरपाट वापरायला काय झालं होतं?

म्हटलं, चल. आपल्या गल्लीच्या टोकाला बेकरी आहे. त्यांना विचारू, आठ दिवस पोरीला उभं करता का? नोकरी मागायची नाही, फुकट सल्ला मागायचा नाही. नुसतं विचारायचं, तुमचा दिवस कसा जातो? माणसं सांगतात हो! आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की माणूस खारी-चहासकट सांगतो.

पहिल्या दिवशी पहाटे साडेतीनला उठली. मी खिडकीतून बघितलं, डोळे मिटून चालत होती. तिसऱ्या दिवशी हात भाजला. पाचव्या दिवशी रात्री माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, ‘‘आई, मला ब्रेड करायला नाही आवडत.’’

‘‘मग?’’

‘‘ब्रेड उरतो किती, ते मोजायला आवडतं. त्यांच्याकडं कशाची नोंदच नाही. मी दोन दिवसांत तक्ता करून दिला. आता कमी उरतो.’’

(प्रेक्षकांकडे सूचक बघतात.) तक्ता. बेकरीत जाऊनही पोरगीनं तक्ताच भाजला! बाहीचा दोष नव्हता. मुंढा चुकला होता. काम बरोबर होतं, जागा चुकीची होती. आता हिंजवडीतच आहे, पण शनिवारी दोन-तीन छोट्या दुकानदारांचा हिशेब लावून देते. नोकरी सोडेल का? माहीत नाही. सध्या कच्चा टाका आहे.

(मशीनशी जातात. वही उघडतात.)

पण जाताना पोरगी माझ्या गळ्यात पडली. म्हणजे पुस्तक माझ्या गळ्यात पडलं. ‘‘आता तू कर.’’

त्यात एक डॅशबोर्ड असतो, गाडीच्या पेट्रोलच्या काट्यासारखा. चार काटे : आरोग्य, काम, खेळ, प्रेम. आरोग्य : डावा गुडघा सोडून पाऊण टाकी. काम : टाकी ओसंडतेय. प्रेम : यांनी परवा विचारलं, ‘‘जेवलीस का?’’ अर्धी टाकी. मग पुढं म्हणाले, ‘‘मग मला वाढ.’’ रिझर्व्हला.

आणि खेळ. (पेन हवेतच.) खेळ? मी बराच वेळ त्या काट्याकडं बघत बसले.

मग ते सांगतात, रोज लिहा, कुठल्या कामात जीव रमला, कुठल्या कामानं जीव काढला. मी मापाच्या वहीत मागून लिहायला लागले. सोमवार : फॉल-पिको, जीव गेला. मंगळवार : प्रिन्सेस कट, बरं वाटलं. शुक्रवार रात्री ११ : भावे नाट्यमंदिर, नाटकवाल्या मुलांचे कपडे. विंगेत उभी होते. सीतेचा हुक तुटला. तोंडात सुई, हातात दोरा, बाहेर तिसरी घंटा. गुडघा दुखत नव्हता.

(हळू.) आठवलंच नाही की मला गुडघा आहे.

शेवटी ३ आराखडे करायचे. पुढच्या ५ वर्षांची ३ वेगवेगळी आयुष्यं. पहिलं, चाललंय तेच. ते लिहिलं : ब्लाउज. दुसरं, हा धंदाच बंद पडला तर? लिहिलं : पोरींना शिवण शिकवीन. तिसरं, पैशाची चिंता नाही आणि लोक हसणार नाहीत, तर काय कराल?

(वही मिटतात.)

३० वर्षं विंगेत उभी आहे हो मी. सगळ्यांचे संवाद पाठ आहेत.

लिहिलं. मग खाली काटे भरायचे : साधनं, आवड, खात्री, मेळ. आवड फुल्ल. खात्री? काटा मोडून पडला. पोरीला फोन केला. म्हटलं, ‘‘या वयात? अनुभव काय माझा?’’

म्हणते, ‘‘आई, तू सांगलीत राहतेस ना? विष्णुदास भाव्यांना काय अनुभव होता?’’

खरंच की! राजेसाहेबांनी, चिंतामणराव पटवर्धनांनी, कर्नाटकातल्या मंडळींचा खेळ बघितला आणि भाव्यांना सांगितलं, असं मराठीत करून बघ. ‘कसं करू’ म्हणून विचारायला गावात होतं कोण? १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. करून बघितलं! आणि म्हणून आपल्यात नाटकाला शो म्हणत नाहीत. प्रयोग म्हणतात. पहिला असो नाहीतर हजारावा, प्रयोगच. आज जमेल की नाही, ते आजच कळणार.

(रंगमंचाच्या अगदी कडेला येतात. डावा हात पुढे करतात.)

मघापासून तुमचं लक्ष या बाहीकडं आहे, मला दिसतंय. टेलरणीचा स्वतःचा ब्लाउज कायम गुरुवारी असतो. दोनदा उसवलीय. आज नुसतीच टाचून आलेय.

तेव्हा टाळ्या वाजवा, पण मला हात वर करायला लावू नका. बसली, तर पुढच्या प्रयोगाला पक्की टीप मारीन.

(बाही निरखतात. खांदे उडवतात.)

नाहीतर उसवीन. माया ठेवलीय.

(स्टुलावर बसून मशीन चालू करतात. मशीनच्या आवाजात हळूहळू पडदा.)