नाकाला नाक

तंजावूरच्या राजवाड्यात तिकीट न काढता फिरणाऱ्या जमाती दोन, कबुतरं आणि कुत्री. कबुतरांनी मनोऱ्यांचे कोनाडे धरलेत आणि कुत्र्यांनी दरबार हॉलची सावली. आत संगमरवरी शरफोजीराजे उभे असतात, बाहेर ही मंडळी आडवी. एखादा नवा पाहुणा आवारात शिरला की मात्र सगळी उठतात आणि रीतसर विचारपूस करतात.

कुत्र्यांच्या विचारपुशीत गाव, आडनाव, पगार काही नसतं. नाकाला नाक लावायचं, मागच्या बाजूला एक फेरी मारायची, की कुंडली हातात. पण दुखणं येतं ते याच वाटेने. केनेल कफ, डिस्टेंपर, कुत्र्यांचा फ्लू हे सगळे आजार शिंकेतून, खोकल्यातून, एकाच ताटलीतल्या पाण्यातून पसरतात. कुत्रा जितका मनमिळाऊ, तितका लवकर खोकतो. शिष्ट, तुसडी कुत्री त्या मानाने निरोगी असतात, आणि हे मला जरा अन्यायाचंच वाटतं.

वाड्यामागच्या गल्लीतल्या अक्कांचा मणी हा पांढरा पामेरियन मनमिळाऊपणात अव्वल. तमिळनाडूत हाक मारली तर निम्मी गल्ली धावून येईल इतकी मणी नावाची कुत्री आहेत. हा त्यातला एक. गेल्या पावसाळ्यात त्याला खोकला झाला. मान लांब करायची, चार पाय फाकायचे, 'खॉक् खॉक्' असा घसा खरवडायचा आणि शेवटी पांढरा फेस टाकायचा. अक्कांनी निदान केलं, घशात काटा अडकलाय. घर शाकाहारी, तेव्हा काटा शेजाऱ्यांचा हे ओघानं आलंच. दोन दिवस भिंतीपलीकडे बोलणं बंद. मणीला सुंठीचा काढा मिळाला, वर मिऱ्याचं रसम. रसम त्याने मिटक्या मारत संपवलं आणि पुन्हा खोकला.

अक्कांच्या वैद्यकीला राजाश्रय आहे, हे विसरून चालणार नाही. शरफोजीराजांनी इथे धन्वंतरी महाल काढला. तिथे माणसांची औषधं होत, तशी जनावरांचीही. राजांनी बांधलेल्या, चालवलेल्या छत्रांत वाटसरूला जेवण मिळे आणि आजारी पडलाच तर वैद्यही मिळे. सापाच्या विषावर उतारा देणारासुद्धा. सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेल्या ग्रंथांत गजशास्त्र आहे, अश्वशास्त्र आहे. श्वानशास्त्राची चौकशी करायला मी काही धजलो नाही. ग्रंथपालांचा चेहरा गंभीर होता.

राजे 1798 साली गादीवर बसले. त्याच साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने देवीच्या लशीवरचं पुस्तक छापलं. हे सर्वांना ठाऊक असतं. पण याच जेन्नरने पुढे 1809 मध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपरवर निबंध वाचला, हे फारसं कुणी सांगत नाही. नाकाडोळ्यांतून घाण, ताप, खोकला आणि मग झटके. हा रोग पिसाळण्यापेक्षा वेगळा, हे त्याने बजावलं. रोगामागे विषाणू आहे हे फ्रान्सच्या कारेने 1905 मध्ये दाखवलं. लस यायला मात्र 1920 चं दशक उजाडलं, तेही शिकारी साहेबलोकांची कुत्री पटापट मरू लागली म्हणून. 'द फील्ड' या साप्ताहिकाने त्यासाठी वर्गणी गोळा केली. कोल्ह्यामागे धावायला कुत्री हवीत, या कळकळीतून विज्ञान पुढे गेलं. कळकळ कशाची, ते विज्ञान विचारत नाही.

गंमत पुढेच आहे. त्या संशोधनासाठी लंडनच्या प्रयोगशाळेत फेरेट नावाचे मुंगसासारखे दिसणारे प्राणी पाळले होते. 1933 मध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तो या फेरेटांमुळे. त्यांना आपला फ्लू होतो आणि तेही आपल्यासारखेच शिंकतात. पुढे एक फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि संशोधक तापाने पडला. माणसाच्या फ्लूची लस घेताना दंड पुढे करतो तेव्हा त्यात कुत्र्याचाही वाटा असतो, म्हणायचा.

मणीला अखेर जनावरांच्या दवाखान्यात नेलं. शरफोजीराजांनी छत्र बांधलं त्या ओरत्तनाडला आज पशुवैद्यक महाविद्यालय आहे; तिथे शिकलेली एक तरुण डॉक्टर होती. तिने मणीचा घसा बाहेरून हलकेच दाबला. मणीने लगेच मागणीनुसार खोकून दाखवलं. काटा नव्हता, केनेल कफ होता. शेजारी निर्दोष सुटले.

"नाईन-इन-वन लस दिलीय ना?" डॉक्टरने विचारलं. अक्कांनी कार्ड पुढे केलं. पिल्लू असताना सहाव्या-आठव्या आठवड्यापासून चारेक महिन्यांचं होईपर्यंत द्यायचे डोस झाले होते, म्हणून डिस्टेंपरची भीती नव्हती. या खोकल्याच्या बोर्डेटेला जंतूची लस वेगळी, नाकात थेंब टाकून देतात. ती राहिली होती. आणि ती आधी द्यायची, खोकला लागल्यावर नव्हे. आता गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, पाण्याची ताटली वेगळी, आणि दोन आठवडे वाड्याच्या आवारात पाऊल नाही.

"दोन आठवडे कुणाला भेटायचं नाही?" अक्कांचा चेहरा उतरला.

"कुणालाच. कुत्र्यांना."

अक्का थोडा वेळ विचारात पडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "डॉक्टर, शुक्रवारी नणंद येणार आहे राहायला. तिलाही खोकला आहे. तिच्यासाठी तुमच्याकडून असं काही लिहून मिळेल का?"