आधी पद सांगा, मग मार खा

राज्यात पत्रकाराच्या अंगावर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. २०१७चा कायदा आहे, दणकट आहे. अट एकच. मार खाणारा माध्यमसंस्थेत नोकरीला हवा, कायम नाहीतर कंत्राटी. पुढे यादी आहे: संपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार… आणि त्याच रांगेत अंग चोरून उभा मुद्रितशोधक.

मुद्रितशोधक! शेवटचा कधी पाहिलात? मी लिहितो ‘दीनांचा कैवारी’, छापून येतं ‘दिनांचा कैवारी’, आणि वाचकांना वाटतं गृहस्थ कॅलेंडरं विकतात. ज्या जमातीला मालकांनी घरी पाठवलं, तिच्या केसालाही धक्का लागणार नाही याची कायद्याने सोय केली आहे.

आता आपला यूट्यूबवाला. रात्री नदीपात्रात उभा राहून वाळूचे डंपर मोजतो. मोबाइल स्वतःचा, पेट्रोल स्वतःचं, नोकरी कुणाचीच नाही. त्याला माझा सल्ला: कुठूनही मुद्रितशोधकाचं नेमणूकपत्र मिळव. मग चौघे काठ्या घेऊन आले की पत्र पुढे करायचं. ते दचकतील, तीन वर्षांचा प्रश्न आहे. म्हणतील, सिद्ध कर, ‘आशीर्वाद’ लिहून दाखव. हा वाळूत बोटाने लिहील, शी दीर्घ, अगदी बिनचूक. चौघे टॉर्च मारून डंपरच्या पाठीवर बघतील. तिथे ‘आईचा आशिर्वाद’. झालं, माणूस बोगस! हाणा.

हसताय? पट्टी बांधून तो ठाण्यात जातो तेव्हा त्याला विचारतात, “पत्रकार कशावरून?” आणि त्याच्याच नावावर खंडणीचा गुन्हा लिहायचा असतो तेव्हा? तेव्हा कुणी नेमणूकपत्र मागत नाही. बदनामीची नोटीस गल्लीबोळ विचारत बरोबर त्याच्या दारात येते. हो, हातात बूम धरून वाढदिवसाच्या जाहिराती उकळणारे आहेत, माहीत आहेत मला. नेमणूकपत्रासकट उकळणारेही माहीत आहेत. त्यांना मात्र उपअधीक्षक मिळतो. डोकं कुणाचंही फुटलं की रक्त सारखंच येतं ना? की कंत्राटी रक्त जरा घट्ट असतं?

एवढं लिहून यादी पुन्हा चाळली. मी मानधनावर. नोकरीत नाही. तेव्हा वरचा मजकूर कुणा डंपरमालकाला खटकलाच, तर तो मुद्रणदोष समजावा.