त्र्याऐंशी टक्के सेक्रेटरी

मुलुंड पूर्वेच्या कुठल्याही जुन्या चार मजली सोसायटीत हे गृहस्थ भेटतात. बोरिवलीत भेटतात, घाटकोपरलाही भेटतात. वय पन्नाशीच्या अलीकडचं. अंगात कंपनीच्या कुठल्याशा सहलीत फुकट मिळालेला टी-शर्ट आणि गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, जी रविवारीही निघत नाही. नोकरी अंधेरीला, सीप्झच्या बाजूला. हुद्दा प्रोजेक्ट मॅनेजर. मुलगा नेमकं काय करतो हे त्यांच्या आईला विचारा. त्या म्हणतात, "दिवसभर लोकांना विचारत असतो, झालं का, झालं का." कंपनीच्या एचआरलाही इतकं नेमकं सांगता येणार नाही.

असा माणूस सोसायटीचा सेक्रेटरी झाला की पहिला बळी जातो तो लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरचा. सगळा कारभार ट्रेलो नावाच्या ॲपवर येतो. तीन रकाने असतात: करायचं आहे, चालू आहे, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, कार्डावर जबाबदार सभासदाचं नाव आणि शेवटची तारीख. टाकी धुणे, लिफ्टची एएमसी, नारळाच्या झावळ्या छाटायला टी वॉर्डात अर्ज, सगळं रांगेत. कार्ड अंगठ्याने ओढलं की पुढच्या रकान्यात जातं, आणि ही अंगठ्याची कसरत साहेबांना प्रवासात उत्तम जमते. एक हात लोकलच्या कडीला आणि दुसऱ्यात सोसायटी. घाटकोपरला उतरून मेट्रोच्या रांगेत पोहोचेपर्यंत 'पाण्याची टाकी' चालूमधून झालंमध्ये गेलेली असते. टाकीला ही बातमी पुढच्या आठवड्यात कळते.

या पद्धतीमागे तत्त्वज्ञान आहे आणि ते ऐकल्याशिवाय सुटका नाही. ट्रेलो 2011 साली न्यूयॉर्कच्या एका छोट्या कंपनीने काढलं आणि 2017 मध्ये ॲटलॅशियनने ते विकत घेतलं, एवढ्यावर साहेब थांबत नाहीत. ते जपानला जातात. टोयोटाच्या ताइची ओनोंनी कारखान्यात कार्डांची पद्धत आणली. पुढच्याचा माल संपला की मागच्याला कार्ड जायचं आणि लागेल तेवढंच बनायचं. ही कल्पना ओनोंना अमेरिकन सुपरमार्केटच्या फळ्यांवरून सुचली, असंही ते सांगतात. पहिल्या मजल्यावरचे आजोबा मध्येच विचारतात, "म्हणजे वाण्याची चिठ्ठी ना?" मग साहेब डबेवाल्यांवर येतात. डबेवाले 1890 पासून डबे पोहोचवतात, तेही झाकणावरच्या खुणांवर, हे ते इतकं रंगवून सांगतात की तोवर त्यांचा स्वतःचा डबा निवून जातो.

ओनोंच्या पद्धतीतला एक नियम मात्र साहेब सोयीस्करपणे गाळतात. हातातलं काम संपल्याशिवाय नवं घ्यायचं नाही, हा या पद्धतीचा प्राण. साहेबांच्या 'चालू आहे' रकान्याला तळच नाही. तिथे अख्खी सोसायटी चालू असते.

गच्चीच्या गळतीचं कार्ड घ्या. त्यात उपकामांची यादी होती: गळतीचे फोटो, व्हॉट्सॲप ग्रुप, तीन कोटेशनं, कमिटीची मीटिंग, मीटिंगचं इतिवृत्त, आणि सहावं, प्रत्यक्ष काम. पहिल्या पाचांवर मे महिन्यातच टिचक्या पडल्या. सहातली पाच झाली की ट्रेलो इमानदारीने 83 टक्के दाखवतं. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या वहिनी बादली घेऊन हॉलमध्ये उभ्या होत्या आणि साहेब दारात फोन घेऊन.

"वहिनी, काळजी करू नका, गळती 83 टक्के बंद झालीय."

"हो ना, मग उरलेली 17 टक्के जा खाली घेऊन," म्हणत वहिनींनी भरलेली बादली पुढे केली.

शेवटी वॉचमनने प्लंबरच्या मेहुण्याला गाठून ताडपत्री बांधून घेतली. हे काम कुठल्याच कार्डावर नव्हतं, म्हणून ते अधिकृतरीत्या अजून झालेलं नाही.

घरात त्यांचं काही चालत नाही. तिथे दाराआड कालनिर्णय टांगलेलं असतं. 1973 पासून मराठी घरांचं नियोजन त्या चौकोनांत होत आलंय. कुठल्या तारखेला दूध आलं नाही, गॅस कधी लावला, बाईंनी दांड्या किती मारल्या, सगळं पेन्सिलीने टिपलेलं. "अहो, दळण आणा," असं बायकोने सांगितल्यावर त्यांनी एकदा कार्ड बनवून तिलाच जोडलं. तिने चौकोनात एक फुली मारली. ती फुली कसली, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.

इथवर हसून घेतलं, तरी सोसायटी त्यांच्यावर खरी चिडते ती वेगळ्याच कारणाने. आपला सगळा शेजारधर्म जिन्यात दिलेल्या शब्दांवर चालतो. "बघतो मी", "माझ्या ओळखीचा आहे एकजण", "गणपती होऊ द्या, मग बसू." असं बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं की पुढे काही व्हायचं नाही. साहेब तेवढे तिथल्या तिथे कार्ड बनवतात, तुमचं नाव घालतात, तारीख टाकतात. रीडेव्हलपमेंटच्या कार्डावर तर सगळीच वस्त्रं फिटतात. 2019 च्या शासन निर्णयानंतर निम्म्याहून जास्त, म्हणजे 51 टक्के सभासदांची संमती पुरते. आमच्याकडे तोंडी संमती शंभर टक्के आहे. कोण केव्हा "आम्ही तुमच्याबरोबरच आहोत" म्हणालं आणि अजून सही करायला आलं नाही, ते तारीखवार तिथे दिसतं. कामं त्यांच्या हातून होत नाहीत हे खरंच. पण ती कुणामुळे अडली हे इमारतीत फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

म्हणून 30 सप्टेंबरच्या आत घ्यायच्या वार्षिक सभेत प्रोजेक्टर लागला की सभासदांना एकाएकी सामोशांत रस वाटू लागतो. पडद्यावर स्वतःचं नाव दिसलं की चटणी तिखट लागते. दरवर्षी ठरतं, यंदा सेक्रेटरी बदलायचाच. मग अध्यक्ष विचारतात, "कोण तयार आहे?" खुर्च्या करकरतात, कुणाचा तरी फोन वाजतो, आणि साहेब बिनविरोध निवडून येतात.

अशाच एका सभेत कुणाच्या तरी सूचनेवरून साहेबांनी एक कार्ड बनवलं होतं: 'नवा सेक्रेटरी शोधणे'. जबाबदारी सर्व सभासदांची. तारीख केव्हाच उलटून गेली आहे, कार्ड लालभडक झालंय. टाकीसाठी पहाटे सहाला आठवण करून देणारे साहेब या एका कार्डाबद्दल मात्र कुणाला 'झालं का?' विचारत नाहीत.