अर्ज एक, कारखाने अनेक

जळगावच्या एमआयडीसीत कुणी डाळ भरडतं, कुणी चटया विणतं, कुणी पाइप काढतं. नोकरीचा अर्ज मात्र सगळीकडे एकच जातो. झेरॉक्सवाल्याच्या संगणकात तो कायमचा मुक्कामाला असतो: 'वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की...' उमेदवार प्रामाणिक, मेहनती, होतकरू. फक्त कंपनीचं नाव बदलायचं. तेही कधी राहून जातं, आणि चटईवाल्याला कळतं की आपल्या पाइपांची ख्याती पोरगा लहानपणापासून ऐकून आहे.

वडिलांचं नाव, उंची, वाचनाची आवड, सगळं अर्जात असतं. लेथ चालवता येतो का, टॅलीवर कधी काम केलंय का, ते तेवढं नसतं. इथल्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाईंचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी जे दिसलं ते नेमकं सांगायच्या. आमच्या पदवीधराला स्वतःबद्दल चार ओळी सुचत नाहीत.

अर्थात, धुळ्याकडचा शेठही अर्ज उलटा ठेवून विचारतोच, "कोना पोऱ्या शे रे तू?"

तरीही पोरांनो, येतं ते काम पहिल्या ओळीत लिहा. 'विनंतीपूर्वक' गाळलंत तरी शेठ रागावणार नाही.