वसईचा दुसरा तह

ज्या गृहस्थाने मुंबईच्या एका महाविद्यालयात प्रवेशविभागाच्या खिडकीमागे बसून, मुद्रांकाची कड अंगठ्याने चाचपीत आणि नोटरीचा पुसट शिक्का उजेडाकडे धरीत, लोकांच्या मुलांच्या शिक्षणातील खंडाची प्रतिज्ञापत्रे रुजू करून घेण्यात आयुष्याची बत्तीस वर्षे खर्ची घातली, त्याच्याच पोटच्या मुलीने बारावीच्या निकालाच्या रात्री, पानात नुकते बोंबील पडलेले असताना, "बाबा, मी या वर्षी कॉलेजला जाणार नाही, गॅप घेऊन जर्मनीला जाणार आहे," असे जाहीर करावे, हा नियतीने उगविलेला सूड होता की सेवानिवृत्तीनंतर मिळालेली मुदतवाढ, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

मला धक्का बसला तो जर्मनीने नव्हे. 'घेऊन' या शब्दाने. आमच्या खात्यात गॅप कोणी घेत नसे, ती पडे. भिंतीला भेग पडते, दातांत फट पडते, तद्वत शिक्षणात खंड पडे, आणि तो ज्याच्या शिक्षणात पडला तो उमेदवार खिडकीशी येताना मान खाली घालूनच येत असे. खंडाची कारणेही ठरलेली असत. त्यांत सर्वांत प्रतिष्ठित कावीळ. कारण ती पुरेशी दीर्घ, सर्वथा निर्दोष आणि बरी झाल्यावर मागे कसलाही पुरावा न ठेवणारी. तिच्या खालोखाल 'कौटुंबिक अडचण', जिचा अर्थ बहुधा गणित असा असे. जग पाहावयाचे होते म्हणून वर्ष सोडले, असे प्रतिज्ञेवर कथन करणारा एकही इसम माझ्या कारकिर्दीत खिडकीसमोर उभा राहिला नाही, आणि राहिला असता तर मी त्याला वैद्यकीय दाखला आणावयास परत पाठविले असते.

कन्येने बेत सांगितला. 'ओ-पेअर' नावाची एक व्यवस्था आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, सत्तावीस न गाठलेल्या आणि जर्मन भाषेची पहिली पायरी चढलेल्या परदेशी तरुणांनी तिथल्या एखाद्या कुटुंबात जास्तीत जास्त वर्षभर राहावयाचे, त्यांची मुले सांभाळावयाची, घरकामास हातभार लावावयाचा आणि भाषा शिकावयाची.

"म्हणजे मोलकरीण," माझी आई म्हणाली. आमच्या आगाशीच्या वाडीत केळ्यांचे लोंगर मोजण्यापासून सुनांचे न्यायनिवाडे करण्यापर्यंतची सर्व मुखत्यारी अद्याप तिच्याकडे आहे.

"तसं नाही गं, आजी. आठवड्याला तीस तासांच्या वर काम सांगता येत नाही. राहायला वेगळी खोली, जेवणखाण, विमा आणि महिन्याला 280 युरो हातखर्च."

आई बराच वेळ काही बोलली नाही. पाच मुले, तीन दीर आणि गोठा सांभाळताना आपले आठवड्याचे तास किती भरत असतील, याचा तिने मनाशी ताळा मांडला असावा, कारण नंतर तिने विचारले ते एवढेच : "सत्तावीसची अट कडक आहे का रे?"

वरिष्ठ न्यायासन असे डळमळू लागल्यावर माझी भिस्त इतिहासावर राहिली. परंतु इतिहासातही कन्या माझ्याआधी जाऊन बसली होती. बराक ओबामांच्या थोरल्या मुलीने 2016 साली हार्वर्डला जाण्याआधी वर्षभराची गॅप घेतली, हा दाखला मी अमेरिकेच्या अध्यक्षांना प्रतिज्ञापत्र करावे लागत नाही या मुद्द्यावर फेटाळला. तेव्हा तिने घरचाच दाखला काढला. सोळाव्या शतकात याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया पंधरा-सोळा वर्षांचा असताना जेझुइट पाद्र्यांबरोबर गलबतात बसून जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापार केला, मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन झाला आणि 1593 मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानात उतरला. "त्याला कोणी विचारलं का, की कॉलेजचं काय? उलट आता आपल्या वसईतल्या कॉलेजलाच त्याचं नाव आहे!"

युक्तिवाद बिनतोड होता, पण आईचे अवघे आयुष्य त्याच गोन्सालोच्या नावाच्या गासच्या चर्चपासून हाकेच्या नसले तरी रिक्षेच्या अंतरावर गेले आहे. नागासाकीला 5 फेब्रुवारी 1597 रोजी गोन्सालो हुतात्मा झाला आणि 1862 मध्ये त्याला संतपद मिळाले, हे तिला माझ्याआधीपासून ठाऊक. "माणूस फार मोठा, मी हात जोडते," ती म्हणाली, "पण बाय, तो परत आला का?"

कन्येने मोर्चा माझ्याकडे वळविला. "बाबा, विरारहून चर्चगेटला जायला-यायला रोज किती वेळ लागायचा तुम्हाला?"

"तीन तास." साठ किलोमीटरची एक खेप, अशा दोन, त्यांत आगाशीहून स्टेशनापर्यंतची रिक्षा आणि पुलावरची चेंगराचेंगरी धरलेली नाही.

तिने निकालपत्राच्या पाठीवर हिशेब मांडला. वर्षाचे 275 दिवस, बत्तीस वर्षे, रोजचे तीन तास : एकूण 26,400 तास, म्हणजे 1,100 दिवस, म्हणजे तीन वर्षे आणि वर पाच दिवस. मी कागद उलटसुलट करून पाहिला. पण ज्याने बत्तीस वर्षे गुणांच्या बेरजा तपासल्या, त्याला चूक सापडू नये याचाच अर्थ ती नव्हती. तीन वर्षे अहोरात्र मी गाडीत होतो. त्यांतली निम्म्याहून अधिक उभ्याने, एक हात वरच्या कडीला आणि दुसरा खिशातल्या पाकिटावर. आणि या प्रदीर्घ खंडाबद्दल मजजवळ कुणी साध्या कागदावरचे निवेदनसुद्धा मागितले नव्हते. पायदान आणि फलाट यांमधील अंतराकडे लक्ष द्यावे, असे ती गाडी मला पुढे पुढे तीन भाषांतून बजावीत असे. मी दिले नाही.

तेव्हा तह करणे प्राप्त झाले. वसईला तहाची परंपरा आहेच. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावसाहेबांनी इथेच इंग्रजांशी तह करून सहा पलटणींची तैनाती फौज पत्करली, तिच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांस पुसल्यावाचून परदरबाराशी बोलणे लावणार नाही असे कबूल केले. आमच्या तहाचा मसुदा मी केला असला तरी बाजीरावाची जागा अखेर माझ्याच वाट्यास आली. मुलूख म्हणजे माझी एक मुदत ठेव तुटली. परदरबाराशी, म्हणजे त्या जर्मन कुटुंबाशी, बोलण्याचा अधिकार माझ्या पत्नीने स्वतःकडे ठेवला. रोज रात्री साडेआठला आजीला तोंड दाखवावे, या कलमावर मात्र वाटाघाटी फिसकटू लागल्या, कारण तिकडचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, हे कळताच आई म्हणाली, "ज्यांना घड्याळ एका जागी ठेवता येत नाही, ते आपली पोर काय ठेवणार?"

पुढचे दोन महिने कागद जमविण्यात गेले. जन्माचा दाखला, पारपत्र, भाषेचे प्रमाणपत्र, त्या कुटुंबाचा करार, आणि प्रत्येकाच्या प्रती. एका कचेरीने तर नावातला एक ऱ्हस्व उकार दीर्घ करून आणण्यासाठी आम्हांस तीन खेपा घालावयास लावल्या. अशा एका खेपेहून घामाघूम होऊन परतलो तो आई ओटीवर सुकेळ्यांच्या पुड्यांपुढे बसलेली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत आवळून बांधलेल्या पुड्या. युरोपात फळे, भाजीपाला नेण्यास वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, असे मी तिला अधिकारवाणीने सुनावले. कन्येने नियम काढून वाचला : दाखल्यातून फक्त पाच फळांना सूट आहे, अननस, ड्युरियन, खजूर, नारळ आणि केळे.

"बघ," आई दोरीची गाठ मारीत म्हणाली, "आपल्या वाडीतल्या केळ्या-नारळाला कोणी कागद विचारत नाही. पोरीलाच तेवढा विचारतात."

ती गेली त्या रात्री झोप येईना, म्हणून पुढल्या वर्षी लागणारे खंडाचे प्रतिज्ञापत्र आताच लिहून ठेवावे असा विचार करून मी कागद पुढे ओढला. "मी खाली सही करणार, राहणार आगाशी, तालुका वसई, जिल्हा पालघर, प्रतिज्ञेवर कथन करते की," इथवर लेखणी सरळ चालली. पुढे कारण लिहावयाचे होते. साडेआठला पडद्यावर दिसलेला तिचा चेहरा आणि तिच्यामागची, अजून लख्ख उजेड असलेली परकी खिडकी मी आठवू लागलो. आणि शुद्धीवर येऊन पाहतो तो बत्तीस वर्षांच्या सवयीने हाताने सुवाच्य अक्षरात लिहून टाकले होते : कावीळ.