मेंटेनन्सचा हिशोब मागू नये, भो

जळगावच्या सोन्याचा देशभर बोलबाला आहे. पण शून्यातून पैसा काढण्याची खरी किमया सराफ बाजारात चालत नाही. ती चालते दोन खोल्या आणि एक सामाईक संडास भाड्याने देणाऱ्या घरांत, आणि तिचे नाव मेंटेनन्स. जळगावात पिंप्राळ्यापासून मेहरूणपर्यंत आणि धुळ्यात देवपूरभर कॉलेजची मुले, एमआयडीसीतले कामगार, बदलीवर आलेले कारकून राहतात. तिथे भाड्याचा आकडा सांगून झाला की मालक किंचित थांबतो आणि म्हणतो, "मेंटेनन्स वेगळा." किती वेगळा आणि कशापासून वेगळा, हे विचारणाऱ्याला खोली मिळत नाही. जिन्यातला बल्ब गेल्या दिवाळीत गेलेला असतो. झाडूवाली बाई मालकाच्या ओट्यापुढे येत नाही. झाकण उडालेल्या टाकीत पाऊस पडला की टाकी धुतली असे धरतात. खर्च शून्य आणि वसुली दरमहा, असा धंदा एमआयडीसीत कोणाला जमलेला नाही. चार बिऱ्हाडांनी जिन्याचा आणि पाण्याचा खर्च वाटून घ्यावा, यात काहीच गैर नाही. पण ज्या रकमेमागे खर्चाचा कागद नाही ती भाड्याचीच रक्कम असते, आणि ती भाड्यात का धरली नाही याची कारणे शोधण्यासारखी आहेत. एक कारण असे, की भाडे करारात लिहावे लागते, त्यावर मुद्रांक शुल्क बसते आणि प्राप्तिकरवाल्यांनाही ते दिसते. मेंटेनन्स मात्र तोंडी असतो, आणि तोंडाला अजून कर नाही.

मेंटेनन्स ही कल्पनाच बनावट आहे असे कोणी म्हणणार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तिची चांगली सविस्तर फोड केलेली आहे. पहारेकरी, सफाई, जिन्यातले दिवे, कार्यालय आणि हिशेबतपासणी यांचा खर्च सेवाशुल्कात येतो आणि तो सदनिकांच्या संख्येने सारखा वाटायचा असतो, घर एका खोलीचे असो की चार खोल्यांचे. पाण्याचा खर्च नळांची संख्या आणि आकार पाहून. लिफ्टचा खर्च सगळ्यांवर सारखा, तळमजल्यावरच्या आजीबाईंवरसुद्धा. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के, आणि इमारत म्हातारी झाली की कामी यावा म्हणून सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. या यादीत दोन प्रकारचे खर्च आहेत, हे शाळकरी मुलालाही दिसेल. दिवे, झाडू आणि पाणी हे राहणाऱ्याच्या रोजच्या वापराचे. दोन्ही निधी आणि घरपट्टी हे ज्याच्या नावावर घर आहे त्याच्या मालमत्तेचे. वीस वर्षांनी इमारतीची डागडुजी होईल, तिची किंमत वाढेल, तेव्हा अकरा महिने राहून गेलेली नर्सिंगची विद्यार्थिनी वाटा घ्यायला येणार नाही. तरी सोसायटीचे बिल घरपट्टीसकट जसेच्या तसे तिच्या व्हॉट्सअॅपवर येते. अर्थात बिल येते हेही भाग्यच म्हणायचे; बाकीच्यांना नुसता आकडा येतो.

आकड्यासोबत एक हळवे कारणही येते: "तुम्ही भाडेकरू म्हणून सोसायटी माझ्याकडून जादा घेते." घेते, हे खरे. त्याला बिगरभोगवटा शुल्क म्हणतात. पण राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती कायम ठेवली. सेवाशुल्क महिना ८०० रुपये धरले तर मालकाचे दुःख जास्तीत जास्त ८० रुपयांचे. ते पाचशेपर्यंत फुगते कसे, हे गणित विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही.

विजेचे गणित जास्त सूक्ष्म आहे, आणि तिथे मालक बहुतेकदा खरे बोलतो. चार खोल्या, एक मीटर, प्रत्येक खोलीला सबमीटर, आणि युनिटचा दर मालक सांगेल तो. भाडेकरूने कुरकूर केली की मालक महावितरणचे बिल समोर धरतो: बघा, मलाच एवढे आले. आलेलेच असते. घरगुती दर टप्प्यांनी चढतो, पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत आणि दुसरा ३०० पर्यंत, आणि दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. चार खोल्यांनी ७५-७५ युनिट वापरले तर वेगवेगळ्या मीटरवर सगळी वीज स्वस्त टप्प्यात बसते. तेच ३०० युनिट एका मीटरवर आले की त्यातले २०० महाग टप्प्यात जातात. चार मीटर घेतले तर स्थिर आकार चार वेळा भरावा लागतो, हे मान्य. तो धरूनही चार मीटरच स्वस्त पडतात. मग मालक ते का घेत नाही? विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे मालकाप्रमाणेच भोगवटादारालाही जोडणी मागता येते, पण भाडेकरूच्या नावाचे वीजबिल म्हणजे तो इथे राहतो याचा सरकारी छापील पुरावा. त्यापेक्षा महाग वीज परवडली, विशेषतः ती दुसऱ्याने भरायची असेल तेव्हा. उन्हाळ्यात पारा ४५ कडे गेला की 'कूलरचे वेगळे' सुरू होते. कूलरची वीज सबमीटरमध्ये मोजलेली असते, कूलर भाडेकरूने स्वतः आणलेला असतो, तरी वेगळे. बहुधा वारा मालकाचा असावा.

पाण्याबाबत तर दोन्ही शहरांनी मालकांची सोयच करून ठेवली आहे. जळगावला वाघूर धरण आहे, धुळ्याला तापी योजना, नकाणे तलाव आणि अक्कलपाडा. पण नळाला पाणी आज की परवा हे धुळ्यात पंचांगापेक्षा शेजारणीला जास्त ठाऊक असते. नळपट्टी जोडणीमागे वर्षाची ठरलेली. मालक ती महिन्याची करतो, मग माणशी करतो, आणि पाहुणा दोन रात्री राहिला तर त्याचीही करतो. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो तो खर्च खरा आहे. टँकरवाल्याची चिठ्ठी जिन्यात चिकटवली तर एकही भाडेकरू वाद घालणार नाही. चिठ्ठी चिकटत नाही. दिल्लीकरांचे पाण्याचे ज्ञान आणखी वरच्या दर्जाचे आहे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. कोणती दुरुस्ती मालकाची आणि कोणती भाडेकरूची, याची यादी त्याला जोडली आहे. रंगकाम, नळवाहिन्या आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वायसर, बटणे आणि दरवाजाच्या मुठी भाडेकरूकडे. इथवर ठीक. पण भाडेकरूच्या यादीत अंघोळीच्या टबची दुरुस्तीही आहे. देवपुरातल्या कॉट बेसिसच्या खोलीत टब बसवला तर त्यात पुढच्या पाळीपर्यंतचे पाणी साठवता येईल, एवढा तरी उपयोग होईल. तरीही अशी यादी असणे चांगलेच. मात्र हा कायदा राज्याने स्वीकारावा लागतो, आणि महाराष्ट्राचा कारभार १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यावर चालला आहे.

यावर मालकांची बाजू ऐकायला हवी, कारण ती सगळी खोटी नाही. निवृत्त शिक्षकाने फंडाच्या पैशातून वर दोन खोल्या चढवल्या, त्याने जमाखर्चाच्या वह्या कधी लिहायच्या, असे विचारतात. ज्याने तीस वर्षे हजेरीपट लिहिले त्याला वर्षाचे एक पान जड जाऊ नये. मुले पाणी सांडतात, रात्रभर पंखे चालू ठेवतात, असेही म्हणतात. ठेवतात. पण ठोक रकमेने उधळ्याला शिक्षा होत नाही; त्याची उधळपट्टी काटकसर करणाऱ्या शेजाऱ्याच्या माथी जाते. मोजून घेतले तरच ती थांबेल. शेवटचा आणि आवडता युक्तिवाद बाजाराचा: पटत नसेल तर दुसरी खोली बघा. बाजार चालण्यासाठी वस्तूची किंमत आधी कळावी लागते. भाडे ४,००० आणि मेंटेनन्स 'बघू नंतर' असे सांगणाऱ्या दोन खोल्यांची तुलना जून महिन्यात, बापाला सोबत घेऊन, परतीची एसटी पकडायच्या आत कोण करणार? आणि हिशोब मागण्याची ही पद्धत काही स्वप्नातली नाही. जर्मनीत वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत हिशोब दिला नाही तर मालकाचा वाढीव रक्कम मागण्याचा हक्क सहसा जातो. इंग्लंडमध्ये १९८५ चा कायदा सेवाशुल्क वाजवी असलेच पाहिजे असे सांगतो आणि पावत्या पाहण्याचा हक्क देतो. तिथले मालक भिकेला लागल्याची बातमी अजून आलेली नाही.

आपल्याकडचा कायदाही दिसतो तितका गरीब नाही. १९९९ च्या कायद्याचे कलम २९ पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि सफाई योग्य कारणाशिवाय तोडायला मनाई करते. मालक त्यावर हसतो, कारण त्याने अकरा महिन्यांचा करार केलेला असतो आणि कायद्याच्या भाषेत समोरचा माणूस भाडेकरू न राहता परवानाधारक झालेला असतो. भाडेकरूची बरीच कवचकुंडले तिथेच उतरतात. हुशारी अशी, की हा करारही बहुतेकदा नोटरीकडे उरकतो. रीतसर नोंदणीला महापालिका हद्दीत १,००० रुपये फी आणि वर मुद्रांक शुल्क पडते, ते वाचवायचे असते. पण त्याच कायद्याचे कलम ५५ परवान्यालाही लागू आहे. करार लेखी आणि नोंदलेला हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरायचे. म्हणजे मेंटेनन्स काय ठरला होता, हे सांगायचा मान मालकाने हजार रुपये वाचवून समोरच्याला दिलेला असतो. मालकाला याउलट सिद्ध करता आले तर गोष्ट वेगळी. त्यासाठी पावत्या लागतील, आणि त्या त्याने कधी फाडलेल्याच नाहीत.